दप्वी आणि पाँदाँ : मधल्या इंग्रजीला आधी उठवा

फ्रेंच शिकणाऱ्यांच्या वह्यांत एक वाक्य हमखास सापडतं : 'जे आबिते आ पारी दप्वी दीझाँ.' म्हणायचं असतं, 'मी दहा वर्षांपासून पॅरिसमध्ये राहतोय' (दप्वी म्हणजे 'पासून'). पण डोक्यात आधी इंग्रजीतलं 'हॅव लिव्ह्ड' उमटतं आणि फ्रेंच क्रियापद उगाच भूतकाळात जातं.

अहो, मराठीत 'दहा वर्षांपासून राहिलो' म्हणतं का कोणी? 'राहतोय' म्हणतो आपण. फ्रेंचही तेच म्हणतं : 'जाबित आ पारी दप्वी दीझाँ.' सरळ वर्तमानकाळ, कारण राहणं अजून चालू आहे. 'सिन्स' की 'फॉर' हा प्रश्नही इथे उद्भवत नाही. '२०१५ पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्हींना आपल्याला एकच 'पासून' पुरतं, तसं त्यांना एकच दप्वी. बोलताना तर ते 'सा फे दीझाँ क जाबित आ पारी' म्हणतात, म्हणजे जवळजवळ आपलंच 'दहा वर्षं झाली, पॅरिसमध्ये राहतोय'.

पाँदाँ, म्हणजे 'इतका वेळ', फक्त काळाची लांबी मोजतं. 'जे आबिते आ पारी पाँदाँ दीझाँ' : दहा वर्षं राहिलो, मग गाशा गुंडाळला. उद्या दोन तास अभ्यास करणार असाल तरी पाँदाँच.

मराठी माणूस अडखळतो तो वेगळ्याच जागी. 'दहा वर्षं राहिलो' आणि 'दहा वर्षं राहतोय' यांत 'दहा वर्षं' तेच, 'पासून' दोन्हीकडे गायब. म्हणून 'वर्षं' या शब्दाकडे बघून दप्वी-पाँदाँ ठरवू नका, क्रियापदाकडे बघा. 'राहतोय' असेल तर दप्वी, 'राहिलो' असेल तर पाँदाँ. 'तासाभरापासून वाट बघत होतो' असेल तर दप्वीच, फक्त क्रियापद अँपार्फेमध्ये, म्हणजे फ्रेंचमधल्या 'होतो'वाल्या चालू भूतकाळात : 'जाताँदे दप्वी यून अर.'

'फॉर' दिसला की 'पूर' (म्हणजे 'साठी') ठोकणाऱ्यांशी मात्र माझं कायमचं भांडण आहे. पूर चालतो तो ठरवलेल्या मुदतीसाठी, मुख्यतः जाण्यायेण्याच्या क्रियापदांबरोबर : 'ज पार पूर द स्मेन', दोन आठवड्यांसाठी निघालोय. पॅरिसमध्ये काढलेली दहा वर्षं त्यात कोंबू नका.

आणि 'दप्वी म्हणजे नेहमी वर्तमानकाळ' असं घोकवणाऱ्यांनी जरा 'कालपासून जेवलो नाही' हे वाक्य करून बघावं. 'ज ने पा माँजे दप्वी येर' : नकार आला आणि क्रियापद भूतकाळात गेलं. आपणही 'जेवलो नाही'च म्हणतो की! 'कालपासून जेवत नाहीये' म्हटलं, तर समोरच्याला वाटेल स्वारी रुसून बसलीय.