ब्लॉग आणि फीड वाचक : अध्ययनाची साधने

ब्लॉग म्हणजे एका व्यक्तीने किंवा लहान गटाने इंटरनेटवर चालवलेली नोंदवही. तिच्यातील सर्वांत ताजी नोंद सर्वांत वर असते आणि प्रत्येक नोंदीला स्वतःचा पत्ता असतो. मराठीत तिच्यासाठी ‘अनुदिनी’ आणि ‘जालनिशी’ हे शब्दही वापरले गेले, तरी ‘ब्लॉग’ हाच शब्द रुळला आहे. ब्लॉगवर नवे काय आले हे सांगणाऱ्या, संगणकाला वाचता येईल अशा साच्यातील मजकुराला फीड म्हणतात. वाचकाने निवडलेल्या अनेक फीड ठरावीक वेळाने तपासून नव्या नोंदी एका जागी आणून ठेवणारी आज्ञावली म्हणजे फीड वाचक किंवा फीड रीडर. शिक्षणाच्या दृष्टीने या दोन साधनांचा विचार जोडीनेच करावा लागतो, कारण एकामुळे शिकणाऱ्याला जाहीरपणे लिहिणे सोपे झाले आणि दुसऱ्यामुळे अशा विखुरलेल्या लेखनाचा सातत्याने माग ठेवणे शक्य झाले.

‘वेबलॉग’ हा शब्द जॉर्न बार्गर यांनी डिसेंबर १९९७ मध्ये रूढ केला आणि १९९९ मध्ये पीटर मेरहोल्झ यांनी त्याची गमतीने वेगळी फोड करून ‘ब्लॉग’ हे लघुरूप दिले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू झाली आणि संकेतस्थळ बांधण्याचे तंत्र न शिकताही लिहिता येऊ लागले. फीडचा पहिला साचाही १९९९ चाच. मार्चमध्ये नेटस्केप कंपनीने तो ‘आरएसएस’ या नावाने आणला आणि त्याच्या घडणीत डॅन लिबी व भारतात जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ रामनाथन गुहा यांचा वाटा होता. पुढे आज्ञावलीकार डेव्ह वायनर यांच्या पुढाकाराने २००२ मध्ये त्याची २.० ही आवृत्ती आली. साच्याच्या स्वरूपावरील मतभेदांतून ‘ॲटम’ हा दुसरा साचा जन्मला आणि डिसेंबर २००५ मध्ये तो प्रमाण म्हणून प्रसिद्ध झाला. बहुतेक सर्व वाचक-आज्ञावल्या दोन्ही साचे ओळखतात, त्यामुळे विद्यार्थ्याला या वादाची झळ लागत नाही.

फीडमध्ये प्रत्येक नोंदीचे शीर्षक, तिचा पत्ता, दिनांक, सारांश किंवा संपूर्ण मजकूर आणि एक ओळखखूण असते. फीड वाचक आधी आणलेल्या नोंदींच्या ओळखखुणा लक्षात ठेवतो आणि फक्त नव्या नोंदी पुढे मांडतो. या साध्या यंत्रणेचे अध्ययनावर होणारे परिणाम मात्र मोलाचे आहेत. काय वाचायचे याची निवड वाचक स्वतः करतो आणि नोंदी काळाच्या क्रमाने येतात. त्याला काय आवडेल याचा अंदाज बांधून कोणी त्यांची उलथापालथ करत नाही. त्याहून महत्त्वाचा लाभ क्वचित लिहिणाऱ्या लेखकांच्या बाबतीत होतो. एखादा भूशास्त्रज्ञ किंवा लिपीतज्ज्ञ तीन-चार महिन्यांतून एकदाच लिहीत असेल, तर त्याच्या पानावर रोज जाऊन पाहणे कोणालाच परवडत नाही आणि बहुधा अशा लेखकाकडूनच सर्वाधिक शिकता येते. फीड वाचकामुळे त्याचे मौन वाचकाला जड जात नाही आणि त्याचे लेखन निसटतही नाही.

वर्गात या जोडीचा उपयोग साधारणपणे असा होतो. प्रत्येक विद्यार्थी आपल्या ब्लॉगवर वाचलेल्याचे टिपण, प्रयोगाची नोंद किंवा न सुटलेली शंका लिहितो आणि शिक्षक सर्वांच्या फीड एका गठ्ठ्यात ठेवतो. चाळीस विद्यार्थ्यांच्या वह्या गोळा न करता कोण कोठे अडले आहे हे त्याला रोज कळते. विद्यार्थ्यांनीही तोच गठ्ठा घेतला, तर ते एकमेकांचे वाचू लागतात, आणि माझ्या मते या पद्धतीचा सर्वांत मोठा गुण हाच आहे, कारण परीक्षकासाठी लिहिलेले उत्तर आणि समवयस्कांना समजावे म्हणून केलेली मांडणी यांत मोठे अंतर असते. असा गठ्ठा ‘ओपीएमएल’ नावाच्या साच्यात एका फाइलमध्ये उतरवून दुसऱ्याच्या हाती देता येतो. म्हणजे शिक्षक पुस्तकांच्या यादीप्रमाणे चालत्या लेखनाची यादी देऊ शकतो. ब्लॉगखेरीज ‘अर्काइव्ह’ या शोधनिबंध-संग्रहाच्या विषयवार फीड मिळतात, आणि ‘पबमेड’ या वैद्यकीय शोधनिबंधांच्या सूचीत केलेल्या शोधाचीही फीड बनवता येते, ज्यामुळे संशोधक विद्यार्थ्याला आपल्या विषयातील नवे निबंध आपोआप कळत राहतात.

या पद्धतीचा सर्वांत ठळक प्रयोग कॅनडात झाला. २००८ मध्ये स्टीफन डाउन्स आणि जॉर्ज सिमेन्स यांनी मॅनिटोबा विद्यापीठातर्फे ‘संबद्धतावाद आणि संबद्ध ज्ञान’ या विषयाचा अभ्यासक्रम घेतला. संबद्धतावाद म्हणजे माणसे आणि माहिती यांचे दुवे जोडत जाणे हेच शिकणे, असे मानणारा विचार. शुल्क भरणारे विद्यार्थी सुमारे २५ होते, पण अभ्यासक्रम सर्वांना खुला ठेवल्याने दोन हजारांहून अधिक लोकांनी नोंदणी केली. सहभागी व्यक्ती आपापल्या ब्लॉगवर लिहीत, नोंदीवर अभ्यासक्रमाची सांकेतिक खूण ठेवत, आणि डाउन्स यांनी स्वतः लिहिलेली संकलक आज्ञावली त्या नोंदी फीडमधून वेचून रोजच्या वार्तापत्रात सर्वांकडे पाठवत असे. लेखन लेखकाच्या घरी राहिले आणि वर्ग त्या घरांना जोडणाऱ्या वाटांचा बनला. ‘मूक’ (एमओओसी, म्हणजे इंटरनेटवरील सर्वांना खुला असा विशाल अभ्यासक्रम) हे नाव याच अभ्यासक्रमाच्या निमित्ताने पडले. पुढे त्याच नावाने प्रसिद्ध झालेल्या मोठ्या व्यापारी मंचांनी मात्र विखुरलेल्या ब्लॉगांची ही रचना टाकून एका केंद्रातून व्याख्याने देण्याचा मार्ग धरला.

उच्च गणितातील उदाहरण वेगळ्या कारणाने उल्लेखनीय आहे. जानेवारी २००९ मध्ये गणिती टिमोथी गॉवर्स यांनी आपल्या ब्लॉगवर प्रश्न मांडला की एखादा अवघड सिद्धान्त अनेकांनी मिळून, सर्वांसमोर सिद्ध करता येईल का. संयोजनशास्त्र (कॉम्बिनेटोरिक्स) या गणिताच्या शाखेतील हेल्स–ज्युवेट सिद्धान्ताच्या घनता-रूपाची नवी, प्राथमिक पद्धतीची सिद्धता हे लक्ष्य होते आणि काही आठवड्यांत ते साध्य झाले, निबंध ‘डी. एच. जे. पॉलिमॅथ’ या सामुदायिक नावाने प्रसिद्ध झाला. शिकणाऱ्याच्या दृष्टीने अंतिम सिद्धतेइतकेच मोल त्या ब्लॉगवर उरलेल्या फसलेल्या प्रयत्नांचे आहे. पाठ्यपुस्तकात पुसून टाकलेल्या चुका तेथे तारीखवार वाचता येतात आणि कसलेला गणितीसुद्धा कसा अडखळतो हे विद्यार्थ्याला दिसते. या प्रकल्पात सहभागी असलेले गणिती टेरेन्स टाओ आपल्या पदव्युत्तर वर्गांची टिपणेही ब्लॉगवर ठेवतात. वाचक त्यांतील चुका दाखवतात आणि त्यांतील काही टिपणांची पुढे पुस्तके झाली आहेत.

या साधनांच्या मर्यादाही आहेत. ब्लॉगवरील मजकूर तज्ज्ञांनी तपासलेला असेलच असे नाही. गुणांसाठी सक्तीने लिहायला लावलेला ब्लॉग सत्र संपताच ओस पडतो, आणि अल्पवयीन मुलांचे लेखन जगासमोर ठेवावे की वर्गापुरते, हा निर्णय शाळेने पालकांना विचारूनच घ्यायला हवा. शंभर फीड जमवणारा वाचक लवकरच न वाचलेल्या नोंदींच्या ओझ्याने वाचनच सोडतो. म्हणून थोड्या फीड ठेवणे आणि वाचलेल्यावर स्वतः चार ओळी लिहिणे हिताचे ठरते. सेवेवरील अवलंबित्वाचा धोका १ जुलै २०१३ रोजी उघड झाला, जेव्हा गूगलने ऑक्टोबर २००५ पासून चालवलेला ‘गूगल रीडर’ बंद केला. ज्यांनी आपली यादी फाइलमध्ये उतरवून घेतली होती त्यांना ‘फीडली’सारख्या दुसऱ्या वाचकाकडे सहज जाता आले. फीड मात्र नाहीशी झाली नाही. पॉडकास्टचे वितरण आजही बहुतांशी आरएसएसवर चालते.

मराठीत या साधनांचा प्रसार लिपीच्या प्रश्नाशी जोडलेला होता. प्रत्येक लिपीतील प्रत्येक अक्षराला ठरावीक क्रमांक देणारी युनिकोड ही पद्धत रुळण्यापूर्वी आणि नंतरही काही काळ अनेक मराठी संकेतस्थळे स्वतःच्या खास फॉन्टवर चालत. मजकूर प्रत्यक्षात रोमन अक्षरांच्या सांकेतिक क्रमांकांनी साठवलेला असे आणि फॉन्टमुळे तो देवनागरी दिसे. फीड केवळ मजकूर नेते, फॉन्ट नेत नाही, त्यामुळे असा मजकूर फीड वाचकात निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग होऊन उमटला असता. युनिकोड देवनागरी आणि ‘बरहा’, ‘गमभन’ यांसारखी टंकलेखन साधने हाती आल्यावरच मराठी ब्लॉग फीडमधून वाचण्याजोगे झाले, आणि ‘मराठी ब्लॉग विश्व’ या संकलक संकेतस्थळावर नोंदवलेल्या ब्लॉगांवरील नव्या नोंदी एका पानावर दिसू लागल्या. मराठी विकिपीडियावरही अलीकडील बदलांची आणि प्रत्येक लेखाच्या इतिहासाची फीड उपलब्ध असते. एखाद्या लेखाचे संपादन शिकू पाहणाऱ्याला त्या फीडमधून अनुभवी संपादकाने कोणता शब्द का बदलला हे बदलागणिक पाहता येते.