तेल विकणारी कंपनी आणि रिग भाड्याने देणारी कंपनी

ब्रेंट म्हणजे जगभर भाव ठरवताना जे कच्चं तेल धरलं जातं, त्याचा भाव एका दिवसात चार-पाच टक्के हलला की तेल काढून विकणाऱ्या ओएनजीसी, ऑइल इंडिया आणि विहीर खोदायची रिग भाड्याने देणाऱ्या जिंदाल ड्रिलिंग, आबान ऑफशोअर असे सगळे शेअर एका सुरात वर-खाली होऊ लागतात. 'तेलाचे शेअर' म्हणून त्यांची एकच मोट बांधली जाते. छोटा गुंतवणूकदार इथेच फसतो, आणि त्याचे पैसे बुडालेले पाहून वाईट वाटतं, कारण हा फरक समजायला मुळीच अवघड नाही.

हा गोंधळ मुरण्यामागे एक कारणही आहे. 1974 साली मुंबईच्या पश्चिमेला साधारण 160 किलोमीटरवर 'सागर सम्राट' या रिगने समुद्रातल्या बॉम्बे हाय क्षेत्रात तेल शोधलं. ती रिग ओएनजीसीची स्वतःची होती आणि पुढे एक रुपयाच्या नोटेवर तिचं चित्रही आलं. त्यामुळे तेल ज्याचं, रिगही त्याचीच, असं आपण धरून चालतो. पण आज समुद्रातल्या बऱ्याचशा रिग भाड्याच्या असतात. 2010 मध्ये मेक्सिकोच्या आखातात डीपवॉटर होरायझन या रिगवर स्फोट होऊन 11 कामगार गेले, तेव्हा विहीर बीपीची होती आणि रिग ट्रान्सओशनची.

शेतात बोअर मारणारा गाडीवाला फुटावर पैसे घेतो. पाणी लागो न लागो, त्याचे पैसे ठरलेले. ड्रिलिंग कंपनीचं गणित तसंच, फक्त फुटाऐवजी दिवसावर. तिच्या धंद्यात 'डे रेट' म्हणजे दिवसाचं भाडं हाच शब्द सतत ऐकू येतो. तेल काढणारी कंपनी बॅरल विकते, म्हणून आजचा भाव तिच्या आजच्या कमाईत उतरतो. ड्रिलिंग कंपनी दिवस विकते.

जवळून पाहू. बॉम्बे हायमध्ये काम करणाऱ्या एखाद्या जॅक-अप रिगचा (समुद्राच्या तळाला पाय टेकवून उभी राहणारी रिग) ओएनजीसीशी साधारणपणे तीन वर्षांचा करार असतो, दर डॉलरमध्ये ठरलेला. करार चालू असेपर्यंत ब्रेंट बॅरलला 60 डॉलर झालं काय आणि 90 झालं काय, भाडं तेच. भाडं तुटतं ते यंत्र बिघडलं की. ठरलेल्या सवलतीपेक्षा जास्त वेळ दुरुस्तीत गेला तर त्या वेळेचा दर थेट शून्यावर येतो. मोठ्या परदेशी ड्रिलिंग कंपन्या ठरावीक काळाने 'फ्लीट स्टेटस रिपोर्ट' काढतात: रिगचं नाव, कोणाकडे कामाला आहे, करार कधी सुरू, कधी संपतो, दिवसाचा दर किती. तो तक्ता वाचायला दहा मिनिटं लागतात आणि तेलाच्या भावाच्या दहा बातम्यांपेक्षा त्यातून जास्त कळतं.

मग भाव पडला की ड्रिलिंगचा शेअर का आपटतो? कारण बाजार आजच्या भाड्याकडे पाहत नाही, करार संपल्यावर काय होईल याकडे पाहतो. तेल कंपन्या बजेट कापतील, रिग रिकाम्या उभ्या राहतील, ही भीती. ही भीती पुष्कळदा खरीही ठरते, पण उशिरा. आणि भाव चढल्यावर भाडं वाढायला तर त्याहून उशीर लागतो.

2014 ते 2020 या काळात हे लख्ख दिसतं. जून 2014 मध्ये ब्रेंट 115 डॉलरच्या आसपास होतं. नोव्हेंबरात ओपेक या तेल निर्यातदार देशांच्या संघटनेने उत्पादन कापायला नकार दिला आणि जानेवारी 2016 मध्ये भाव 28 डॉलरच्याही खाली गेला. पण खरा घाव भावाचा नव्हताच. तेजीत ऑर्डर दिलेल्या नव्या रिग कोरिया आणि सिंगापूरच्या गोद्यांतून नेमक्या याच काळात बाहेर पडत होत्या. काम कमी, रिग जास्त. खोल समुद्रात खोदणाऱ्या जहाजाचं, म्हणजे ड्रिलशिपचं भाडं दिवसाला सहा लाख डॉलरपर्यंत गेलं होतं, ते दोन लाखांच्या खाली आलं. पुढे 2018 मध्ये ब्रेंट पुन्हा 80 डॉलरच्या वर गेलं, तरी भाडी उठली नाहीत. सीड्रिल या ड्रिलिंग कंपनीने 2017 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. 2020 च्या कोरोनात डायमंड ऑफशोअर, नोबल आणि व्हॅलारिस या ड्रिलिंग कंपन्याही पाठोपाठ त्याच वाटेने गेल्या. रिग चालत राहिल्या, कंपन्या कर्जदारांच्या ताब्यात गेल्या आणि जुन्या भागधारकांच्या हाती जवळपास काही उरलं नाही. त्याच सहा वर्षांत तेल विकणाऱ्या एक्झॉन आणि शेव्हरॉन मात्र लाभांश देत राहिल्या. तेल तेच, भाव तोच, नशीब वेगळं.

ट्रान्सओशनचा शेअर 2008 मध्ये 150 डॉलरच्या पलीकडे होता. जून 2022 मध्ये ब्रेंट 120 डॉलरला टेकलं होतं, तेव्हा हाच शेअर पाच डॉलरच्याही खाली होता.

आपल्याकडचं उदाहरण आबानचं. चेन्नईच्या या कंपनीने तेजीत मोठं कर्ज काढून नॉर्वेची सिन्व्हेस्ट ही रिगवाली कंपनी घेतली. 2008 च्या सुरुवातीला शेअर हजारांत होता, पुढे दोन आकड्यांवर आला. 'तेल वर येईल तसा आबानही येईल' म्हणत कितीतरी जण तो धरून बसले. तेल वर आलंही, पण कर्ज जिथल्या तिथे होतं.

तेल विकणाऱ्या कंपनीच्या वाटेत दुसरा खड्डा असतो, तो म्हणजे सरकार. 1 जुलै 2022 ला क्रूड म्हणजे कच्चं तेल 100 डॉलरच्या वर होतं. त्या दिवशी केंद्राने देशी क्रूडवर टनामागे 23,250 रुपयांचा विशेष कर लावला आणि ओएनजीसीचा शेअर एका दिवसात 13 टक्क्यांच्या आसपास पडला. डिसेंबर 2024 मध्ये तो कर काढला. भाड्याच्या रिगच्या डे रेटला यातल्या कशाचा धक्का लागत नाही. (क्रूड विकत घेऊन पेट्रोल-डिझेल विकणाऱ्या एचपीसीएल, बीपीसीएलचं तर तिसरंच, क्रूड महागलं की त्यांचा जीव जातो.)

पूर्वी भाव चढला की अमेरिकेत शेल खडकातून तेल काढणारे लगेच रिग वाढवत. ऑक्टोबर 2014 मध्ये तिथे तेलासाठी 1,609 रिग चालू होत्या. 2022 च्या महाग तेलातही तो आकडा निम्म्यापर्यंत पोचला नाही, कारण भागधारकांना आता नव्या विहिरींपेक्षा लाभांश हवा होता. तेल विकणाऱ्यांचा नफा फुगला, पण त्या मानाने ड्रिलिंगवाल्यांकडे काम आलं नाही.

जानेवारी 2024 मधली घटना तर मला सगळ्यांत बोलकी वाटते. ब्रेंट 80 डॉलरच्या आसपास निवांत होतं. सौदी सरकारने आपल्या आरामको या तेल कंपनीला उत्पादनक्षमता दिवसाला 1 कोटी 30 लाख बॅरलवर नेण्याचा बेत सोडून 1 कोटी 20 लाखांवरच थांबायला सांगितलं. पुढच्या काही महिन्यांत आरामकोने वीसहून जास्त जॅक-अप रिगचे करार स्थगित केले. तेलाचा भाव फारसा हलला नव्हता, पण पर्शियन आखातात जॅक-अप चालवणाऱ्या कंपन्यांचे शेअर घसरले. आखातातून मोकळी झालेली जॅक-अप ओढत आणून बॉम्बे हायच्या टेंडरमध्ये उतरवता येते आणि मग इथल्या दरावर दाब येतो. जिंदाल ड्रिलिंग धरून बसलेल्याने रोजच्या ब्रेंटपेक्षा आरामको किती रिग परत कामावर बोलावते आणि ओएनजीसीच्या पुढच्या टेंडरमध्ये सगळ्यांत कमी बोली किती लागते, हे बघावं.