एसडी की एसई? फुलांचा पसारा आणि सरासरीचा भरवसा

एमएस्सीचे प्रोजेक्ट रिपोर्ट तपासताना माझा पेन एका जागी हमखास अडतो. तक्त्यात ‘5.01 ± 0.05’ असं काहीतरी असतं. ± च्या पुढचा आकडा कसला, असं विचारलं की उत्तर येतं, “मॅडम, एरर.” कुठला एरर? तिथे बहुतेक जण गप्प होतात. जीवशास्त्राची चांगली समज असलेली मुलं ही, पण स्टँडर्ड डेव्हिएशन (एसडी) आणि स्टँडर्ड एरर (एसई) यांतला फरक त्यांना कुणी फुलं हातात देऊन दाखवलेला नसतो.

म्हणून मी आयरिसच्या फुलांपासूनच सुरुवात करते. एडगर अँडरसन या वनस्पतिशास्त्रज्ञाने मापं जमवली आणि रोनाल्ड फिशर यांनी 1936 साली ती आपल्या शोधनिबंधात वापरली. तीन जाती, प्रत्येकीची 50 फुलं. आर या सॉफ्टवेअरमध्ये ही माहिती आधीपासूनच असते, त्यामुळे पुढचे सगळे आकडे तुम्ही स्वतः पडताळू शकता.

त्यातली सेटोसा ही जात घ्या. तिच्या निदलाची (फुलाच्या बाहेरच्या, पाकळीसारख्या दलाची) सरासरी लांबी 5.01 सेंमी, स्टँडर्ड डेव्हिएशन 0.35. या 0.35 मधून कळतं ते फुलांबद्दल. एक फूल सरासरीपासून साधारण किती लांब पडतं, पसारा केवढा आहे, ते. सरासरीच्या दोन्ही बाजूंना 0.35 गेलं की 4.65 ते 5.36 हा पट्टा मिळतो आणि 50 पैकी 31 फुलं त्यात बसतात.

आता 0.35 ला 50 च्या वर्गमूळाने, म्हणजे 7.07 ने भागा. उत्तर 0.05. हा स्टँडर्ड एरर. सरासरीच्या दोन्ही बाजूंना एवढं अंतर घेतलं, तर त्या पट्ट्यात फक्त 8 फुलं सापडतात, आणि त्यात काही बिघडलेलं नाही. कारण हा आकडा फुलांबद्दल बोलतच नाही. तो आपण काढलेल्या सरासरीबद्दल बोलतो. त्याच जातीची दुसरी 50 फुलं आणली असती, मग तिसरी 50, तर दर वेळी सरासरी थोडी इकडेतिकडे झाली असती. ती साधारण किती हलली असती, याचा हा अंदाज.

नावामुळेही घोळ होतो. आपल्याकडे त्याला प्रमाण त्रुटी म्हणतात आणि त्रुटी म्हटलं की मुलांना वाटतं, पट्टी वाकडी धरली असेल, वाचन चुकलं असेल. इथे कुणी काही चुकलेलं नसतं. सगळी फुलं मोजणं शक्य नाही, थोडीच मोजून सगळ्यांबद्दल बोलायचं आहे, म्हणून उरणारी ही अनिश्चितता.

फुलं वाढवली तर काय होतं, हे पाहिल्यावर दोघांचा स्वभाव कळतो. 50 ऐवजी 200 सेटोसा मोजल्या तरी स्टँडर्ड डेव्हिएशन 0.35 च्या आसपासच राहील, कारण आपण जास्त मोजली म्हणून फुलं एकमेकांसारखी होत नाहीत. स्टँडर्ड एरर मात्र निम्मा, 0.025 च्या आसपास येईल. चौपट मेहनत, निम्मी अनिश्चितता. वर्गमूळाचा हा हिशोब फील्डवर जाण्यापूर्वीच मांडून ठेवावा.

आता शेजारी दुसरी जात, व्हर्सिकलर ठेवा. सरासरी 5.94, डेव्हिएशन 0.52, एरर 0.07. आलेखात एसईचे एरर बार, म्हणजे सरासरीच्या दोन्ही बाजूंना तेवढ्या लांबीच्या रेघा काढल्या तर सेटोसा साधारण 5.06 ला संपते आणि व्हर्सिकलर साधारण 5.86 ला सुरू होते. आलेख बघणाऱ्याला वाटतं, दोन जाती पार वेगळ्या, पट्टी लावली की फूल ओळखता येईल. प्रत्यक्षात सेटोसाची निदलं 4.3 ते 5.8 सेंमी आणि व्हर्सिकलरची 4.9 ते 7.0. मधे 5.5 सेंमीचं फूल आलं तर केवळ या मापावरून तुम्ही जात सांगूच शकत नाही.

म्हणजे दोन प्रश्न आहेत. या दोन जातींची सरासरी खरोखर वेगळी आहे का? त्याला एसई लागतो, आणि उत्तर ठाम ‘हो’ आहे. हातातलं हे एक फूल कुठल्या जातीचं? तिथे पसारा, म्हणजे एसडी बघावा लागतो. वनस्पतीचं वर्णन लिहिताना, प्राण्यांची वजनं देताना, रक्तातल्या साखरेची नेहमीची पातळी सांगताना वाचकाला पसाराच हवा असतो. तिथे बार लहान आणि देखणे दिसतात म्हणून एसई देणं मला अजिबात मान्य नाही.

हा फरक कागदापुरता नाही. अर्थशास्त्रज्ञ दांडेकर आणि रथ यांनी 1971 मध्ये भारतातल्या दारिद्र्याचा अभ्यास मांडला, तेव्हा माणशी रोज 2250 कॅलरी ही रेषा धरली होती. साताऱ्याच्या बुध गावात जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांचा अशा मोजणीला आक्षेप होता. माणसामाणसाची गरज वेगळी असते, एकाच माणसाचीही बदलत राहते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येक जण उपाशी धरता येणार नाही, सरासरीतून दोन स्टँडर्ड डेव्हिएशन वजा करून मर्यादा ठरवावी, असं त्यांचं म्हणणं. त्यावर मोठा वाद झाला. पण वाद होता तो पसाऱ्याबद्दल. तिथे कुणी चुकून स्टँडर्ड एरर वजा केला असता, तर मर्यादा जवळपास सरासरीवरच राहिली असती.

एक व्यवहारातली अडचण सांगते. एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधून वर्णनात्मक आकडे काढले की सरासरीच्या लगेच खाली स्टँडर्ड एरर येतो. डेव्हिएशन त्याच्या खाली, मध्यक आणि बहुलक यांच्यानंतर. घाईत वरचे दोन आकडे उचलले जातात. आरमध्ये उलट आहे: डेव्हिएशनसाठी तयार फंक्शन मिळतं, एररसाठी भागाकार स्वतः करावा लागतो. शिकताना मला तेच बरं वाटतं, कारण कशाला कशाने भागलं हे हाताखालून जातं.

आणि खरी गोम त्या भागाकारात आहे. कितीने भागायचं? एका विद्यार्थिनीने रस्त्याकडेच्या आंब्यांची पानं मोजली होती. पाच झाडं, प्रत्येकी 20 पानं. तिने n (मोजलेल्या नमुन्यांची संख्या) = 100 धरून त्याच्या वर्गमूळाने, दहाने भागलं आणि एसई इतका बारीक आला की ती हरखून गेली. पण तिचा प्रश्न झाडांबद्दल होता. एकाच झाडाची वीस पानं एकाच मुळाचं पाणी पितात, एकाच जागची धूळ खातात. ती वीस स्वतंत्र साक्षीदार नव्हेत. परिसरशास्त्रज्ञ स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी 1984 मध्ये या चुकीला स्यूडोरेप्लिकेशन, म्हणजे खोटी पुनरावृत्ती, हे नाव दिलं. प्रत्येक झाडाची एक सरासरी काढायची, त्या पाच आकड्यांचं डेव्हिएशन घ्यायचं आणि पाचच्या वर्गमूळाने, 2.24 ने भागायचं.

तिने माझ्यासमोर बसून ते केलं. बार चांगलाच लांब झाला. थोडा वेळ ती आलेखाकडे बघत राहिली, मग म्हणाली, “मग मला पानं नकोत, झाडं हवीत.” पुढच्या रविवारी ती आणखी सात झाडं शोधून आली. या वेळी प्रत्येकाची पाचच पानं तोडली होती.