गाठ फोडून पाहा, आतून गुलाबी आहे का?

चवळीचं महिनाभराचं एक रोप खुरप्याने मातीसकट काढा, ओढून उपटू नका. मुळं बादलीत हलकेच खळबळली की त्यांच्यावर बारीक गाठी दिसतील, कुठे मोहरीएवढ्या, कुठे ज्वारीच्या दाण्याएवढ्या. एक गाठ नखाने फोडा. आतून गुलाबी निघाली, तर मुळाशी काम जोरात चालू आहे. हिरवट किंवा करडी निघाली, तर ते थांबलंय.

हा गुलाबी रंग लेगहिमोग्लोबिनचा. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनचं हे नातलग प्रथिन. गाठीत राहणारे रायझोबियम जिवाणू हवेतला नायट्रोजन झाडाला घेता येईल अशा रूपात बांधतात. पंचाईत अशी, की हे काम करणारं एन्झाइम ऑक्सिजन लागताच निकामी होतं आणि जिवाणूंना जगायला तर ऑक्सिजन हवाच. लेगहिमोग्लोबिन तो अगदी बेताने पोचवतं. कितीही वेळा गाठ फोडली तरी मला याचं नवल वाटतंच.

म्हणून परसबागेचं वर्षाचं गणित मी मुळांपासून मांडते, ताटापासून नाही. गुंठाभर जागेचे चार भाग करायचे: शेंगांचा, पालेभाज्यांचा, वांगी-टोमॅटो-मिरचीचा आणि मुळा-गाजर-कांदा-लसणाचा. दर वर्षी प्रत्येक गट एक वाफा पुढे सरकतो. शेंगांच्या जागी पालेभाजी येते, कारण पानांना नायट्रोजनची भूक मोठी. वांगी, टोमॅटो, मिरची ही एकाच कुळातली. त्याच वाफ्यात पुन्हापुन्हा लावली की त्यांचे रोग मातीत साठत जातात. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे सूक्ष्म कृमी, मात्र भेंडीवरही जगतात, काकडीवरही. त्यांच्यासाठी झेंडू लावावा, पण काठाला चार रोपं लावून भागत नाही, एक हंगाम वाफाभर हवा.

पालेभाजीचा वाफा एकदम पेरू नये. दर पंधरा दिवसांनी हातभर रुंद पट्टा पेरला, तर मेथी, पालक, शेपू आलटूनपालटून घरात येत राहतात. उन्हाळ्यात मेथी रुसते, राजगिरा टिकतो. शेंगांत पावसाळ्याला चवळी, थंडीला वाटाणा, फेब्रुवारीत गवार.

शेंगा घेतल्या की माती आपोआप कसदार होते, हा समज अर्धाच खरा आहे. बांधलेल्या नायट्रोजनचा मोठा वाटा दाण्यात जातो आणि दाणे आपण खातो. निदान झाड उपटून फेकू नये. जमिनीलगत कापावं, मुळं तिथेच कुजू द्यावीत. मातीला खरंच काही द्यायचं असेल, तर ताग. मृगाच्या पावसावर अडीचशे चौरस फुटांत साधारण दीडशे ग्रॅम बी फोकायचं, सहा-सात आठवड्यांनी फुलावर येताच कापून गाडायचं. उशीर केला की खोड चिवट होतं आणि लवकर कुजत नाही. गाडल्यावर दोन-तीन आठवडे थांबून मग टोमॅटोची रोपं. दोन महिने वाफा अडला म्हणून जीव चुटपुटतो, पण ही जागा मी दर वर्षी सोडतेच.

कुजण्याचंही एक गणित असतं. एका हिवाळ्यात मी सुताराकडून दोन पोती लाकडाचा भुसा आणून मातीत मिसळला. माती भुसभुशीत होईल असं वाटलं होतं. तीन आठवड्यांत मेथी पिवळी पडली. मातीतल्या जिवाणूंना साधारण 24 भाग कार्बनामागे 1 भाग नायट्रोजन लागतो. भुशात एका भागामागे कार्बनाचे काही शेकडे. कमी पडलेला नायट्रोजन त्यांनी मातीतूनच ओढून घेतला आणि मेथी उपाशी राहिली. तोच भुसा मातीत न मिसळता रोपांभोवती वर पसरला असता, तर चाललं असतं. मातीत मिसळायचं ते कुजलेलं कंपोस्ट.

आमची माती काळी. तिच्यातली चिकणमाती पाण्याने फुगते आणि वाळली की भेगाळते. ओली असताना खणली, तर ढेकळं विटेसारखी कडक होतात. वाळू मिसळूनही ती सैल होत नाही. कंपोस्ट आणि मुळं ते काम करतात, सावकाश. म्हणून ताग गाडायचा दिवस कॅलेंडर पाहून ठरत नाही, वाफसा पाहून ठरतो. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेइतक्या उंचीवरून सोडा. फुटून विखुरला, तर वाफसा आलाय. मातीच्या पोकळ्यांत पाणीही आहे, हवाही आहे. चपटा होऊन पडला, तर कुदळ भिंतीला टेकवून ठेवा आणि दोन दिवसांनी पुन्हा बघा.