एप्टेशियाला चुना लावताना

रीफ टँकमधल्या (प्रवाळ पाळायच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीतल्या) लाइव्ह रॉकवर, म्हणजे समुद्री जीव वसलेल्या दगडावर, फिकट तपकिरी, अर्धपारदर्शक, लांब शुंडकांचं एप्टेशिया नावाचं एखादं समुद्रफूल उगवलेलं दिसलं की बहुतेकांचा हात आधी चिमट्याकडे जातो. तिथेच बाजी पलटते. एप्टेशिया उपटताना त्याच्या तळव्याचे कण दगडाला चिकटून राहतात आणि प्रत्येक कणापासून नवा प्राणी वाढू शकतो. डिवचलं नाही तरीही तो सरकता सरकता तळव्याचे तुकडे मागे सोडतो आणि दोनतीन आठवड्यांत त्याच्याभोवती पिल्लांचं कडं दिसू लागतं. त्यामुळे जखमी करून उपयोग नाही. एकाच बैठकीत, तोंडापासून तळव्यापर्यंत संपवायचा.

प्रयोगशाळांना हा प्राणी आवडतो तो याच गुणामुळे. शिवाय प्रवाळांप्रमाणेच तो पेशींत सूक्ष्म शैवाल पाळतो, त्यामुळे प्रवाळ आणि शैवाल यांच्या भागीदारीचा अभ्यास त्याच्यावर करता येतो. सीसी7 या नावाने जगभर वापरला जाणारा त्याचा वंश एकाच प्राण्यापासून वाढवलेला आहे. 2015 मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला. आपल्याकडच्या 3 फुटी टँकमध्ये मात्र त्याच्या नांगीच्या पेशी शेजारच्या झोआंथिडला (बटणांसारख्या दिसणाऱ्या, प्रवाळांच्या नातलगाला) आणि फ्रॅगला (प्रवाळाच्या लावलेल्या तुकड्याला) भाजत राहतात.

आधी ओळख पक्की करा. सावली पडताच झटकन आक्रसून भोकात जाणारा, टोकदार शुंडकांचा, मऊ देठाचा तो एप्टेशिया. फार छेडलं तर तो पांढरे दोरे बाहेर फेकतो. तेही डंख मारतात. पिसाऱ्याचा नळीकृमीही असाच आत पळतो, पण तो कडक किंवा कागदी नळीत राहतो आणि निरुपद्रवी असतो, त्याला सोडून द्या. शुंडकांची टोकं फुगीर, रंग हिरवट आणि अंगलट बुटकी असेल तर तो मजानो, दुसरं एक उपद्रवी समुद्रफूल. त्याचाही बंदोबस्त चुन्यानेच होतो, फक्त तो दगडाला जास्त घट्ट धरतो.

आपल्या कोल्हापूरला समुद्र नाही, मग हा येतो कुठून? मुंबई, पुणे किंवा बेंगळुरूहून पार्सलने येणाऱ्या फ्रॅगच्या बुडातून. फ्रॅगप्लगच्या (फ्रॅग चिकटवलेल्या छोट्या चकतीच्या) खालच्या खाचेत राईएवढा एप्टेशिया सहज लपतो. कोरल डिपने (प्रवाळ बुडवून काढायच्या औषधाने) चपटे किडे गळून पडतात, एप्टेशियाला त्याने काही होत नाही. म्हणून आलेला प्लग टँकमध्ये घालूच नका. बोन कटरने कोरल प्लगपासून वेगळं करा, बुडाचा पाच-सहा मिलिमीटर भाग कापून टाका आणि जेल सुपरग्लूने नव्या प्लगवर बसवा. त्यानंतर 20-25 लिटरच्या वेगळ्या टाकीत महिनाभर ठेवा आणि रात्री निळ्या दिव्याखाली तपासत राहा. मालवणच्या किनाऱ्यावरून दगड किंवा प्रवाळ आणायचा विचार मात्र मनातूनच काढा. तिथे 1987 पासून सागरी अभयारण्य आहे आणि दगडी प्रवाळांना वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 च्या अनुसूची 1 चं संरक्षण आहे.

आता चुना. रीफवाले ज्याला काल्कवासर म्हणतात ते म्हणजे कॅल्शियम हायड्रॉक्साइड, आपला विरलेला चुना. गुऱ्हाळात उसाचा रस निवळायला वापरतात तोही हाच, पण तो किंवा पानपट्टीवरचा चुना टँकमध्ये घालू नये. त्यात काय मिसळलंय याचा भरवसा नसतो. केमिकल विक्रेत्याकडून लॅब दर्जाची छोटी सीलबंद बाटली घ्या. उघडी राहिली तर पावडर हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू खडू बनते आणि तिची धार जाते. जुन्या पावडरीवर व्हिनेगरचा थेंब टाकून पाहा. फसफसली तर टाकून द्या.

हा उपाय चालतो याचं कारण सोपं आहे. टँकच्या पाण्याचा पीएच 8.1 ते 8.4, चुन्याच्या निवळीचा 12.4 च्या आसपास. दाट लगदा प्राण्याच्या पोटात गेला की न विरघळलेले कण आतच बसून राहतात, हायड्रॉक्साइड सोडत राहतात आणि आतल्या पेशी अक्षरशः विरघळतात. पातळ निवळी पाण्यात पसरून जाते, म्हणून लगदाच हवा. मागे उरलेल्या चुन्याचं पुढे कॅल्शियम कार्बोनेट होतं, म्हणजे लाइव्ह रॉक ज्याची बनलेली असते तेच.

प्रमाण मात्र तोलूनच घ्यायचं. चमच्याच्या अंदाजावर जाऊ नका. गुजरीत (कोल्हापूरच्या सराफ बाजारात) सोनं तोलतात तसला छोटा डिजिटल काटा वापरा. 36 × 18 × 18 इंचाची टाकी काठोकाठ भरली तर 190 लिटर, पण दगड, वाळू आणि वरची रिकामी जागा वजा जाता पाणी 150 लिटरच्या आसपास धरा. 1 ग्रॅम चुना 100 लिटरमध्ये अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पचवण्याची ताकद) सुमारे 0.76 डीकेएचने (हे तिचं एकक) वाढवतो, म्हणजे 150 लिटरमध्ये साधारण 0.5 ने. एका दिवसात यापेक्षा जास्त नको. एक्रोपोरासारख्या नाजूक कोरलची टोकं अशा उड्यांनी पांढरी पडतात, आणि पीएच फार वर गेला तर पाणी दुधाळ होऊन कॅल्शियम आणि अल्कलिनिटी दोन्ही खाली कोसळतात.

2 ग्रॅम पावडरीत 3 मिलिलिटर आरओ पाणी घालून श्रीखंडाइतका दाट लगदा करा. त्याच्या 1 मिलिलिटरमध्ये अंदाजे अर्धा ग्रॅम चुना येतो. एका प्राण्याला 0.2 मिलिलिटर पुरतो, म्हणजे दहा प्राण्यांना 2 मिलिलिटर आणि चुना 1 ग्रॅम. दिवसाचा कोटा तिथेच संपला. दहापेक्षा जास्त एकदम मारण्यात दुसरी अडचणही आहे: कुजणाऱ्या मांसामुळे अमोनिया वाढतो. उन्हाळ्यात पाणी गरम असतं, त्यात ऑक्सिजन आधीच कमी, आणि नेमकी दुपारी वीज गेली तर मासे वर येऊन धापा टाकतात.

2 मिलिलिटरची सिरिंज आणि गुलाबी टोपीची 18 गेजची सुई घ्या, सुईचं टोक कानसीने बोथट करा. इन्शुलिनची सुई पहिल्याच थेंबाला तुंबते. हातमोजे आणि डोळ्यांवर गॉगल घातल्याशिवाय सिरिंज हातात घेऊ नका. चुन्याने डोळा कायमचा जाऊ शकतो. उडालाच तर डोळा लगेच साध्या पाण्याने किमान पंधरा मिनिटं धुवा आणि तडक डॉक्टरांकडे जा. लहान मुलं असलेल्या घरात बाटली कुलपात ठेवा.

वेव्हमेकर (पाणी हलवणारा पंप) आणि संपमधून (टँकखालच्या फिल्टरच्या टाकीतून) पाणी वर ढकलणारा रिटर्न पंप बंद करा. उलटं आलेलं पाणी संपमध्ये मावेल ना, हे आधी पाहा. पातळी खाली जाऊन हीटर उघडा पडणार असेल तर तोही बंद ठेवा. मग मायसिसचा (झिंग्यासारख्या बारीक जीवांच्या खाद्याचा) एखादा तुकडा शुंडकांवर सोडा म्हणजे तोंड उघडतं. सुई वरून, हळू, सावली न पाडता आणा आणि लगदा अलगद तोंडावर ठेवा. घाईने देठाला टोचलं की तो भोकात जातो आणि तासभर बाहेर येत नाही. नीट झालं तर तो लगदा कवटाळूनच आत ओढला जातो. वरून आणखी थोडा लगदा घालून भोक बुजवा, पण कोरलवर एक कणही पडू देऊ नका. पंधरा मिनिटांनी सुटा चुना एअरलाइनच्या नळीने ओढून घ्या, मग पंप सुरू करा. तासाभराने पीएच मोजा. 8.6 च्या वर असेल तर एअर स्टोन लावून खिडक्या उघडा आणि पुढची फेरी लांबवा. सात ते दहा दिवसांनी दुसरी फेरी घ्या, कारण कडेची बारीक पिल्लं पहिल्या वेळी दिसत नाहीत.

दगड बाहेर काढता येत असेल तर तेच करा. टँकबाहेर, बादलीतल्या खाऱ्या पाण्यात काम केलं तर अल्कलिनिटीचा हिशोब ठेवावा लागत नाही. पण दगड उकळू नका. त्यावर पॅलिथोआ किंवा झोआंथिड असतील तर वाफेबरोबर पॅलिटॉक्सिन हे जहाल विष पसरू शकतं आणि घरातले सगळे दवाखान्यात जाऊ शकतात. दगड रिकामाच करायचा असेल तर गच्चीवर कडक उन्हात आठवडाभर खडखडीत वाळवा.

लिंबाचा रस चालतो असं बरेच जण म्हणतात. कधीकधी चालतोही. पण तो पाण्यात लगेच विरतो, त्यामुळे अर्धमेले प्राणी पुन्हा उभे राहतात. रेड सी कंपनीचं एप्टेशिया-एक्स हे तयार औषध सोयीचं आहे, पण वापरायची रीत तीच: तोंडावर, थेंबभर, पंप बंद.

शत्रू प्राणी आणून सोडण्याचा मोह स्वाभाविक आहे, तरी तो सरसकट उपाय नव्हे. पेपरमिंट झिंगे रात्री बारीक एप्टेशिया खातात, सेंटिमीटर-दोन सेंटिमीटरपेक्षा मोठ्याला सहसा हात लावत नाहीत, आणि पेलेट (गोळी खाद्य) भरपूर मिळाले की आळशी होतात. 150 लिटरमध्ये तीन-चार पुरेत. खरेदी करताना पाठ पाहा. पारदर्शक अंगावर लांबट लाल रेघा म्हणजे पेपरमिंट. पाठीला कुबड, मोठे डोळे आणि लाल अंगावर पांढऱ्या रेघा-ठिपके म्हणजे कॅमल झिंगा, आणि तो झोआंथिड फस्त करतो. दुकानात दोन्ही एकाच नावाने विकले जाऊ शकतात.

बर्घिया ही जेमतेम दोनतीन सेंटिमीटरची समुद्री गोगलगाय एप्टेशियाशिवाय काहीच खात नाही. 150 लिटरला आठ-दहा लागतात. एकदोन सोडून परिणाम दिसत नाही. पेपरमिंट झिंगे किंवा सिक्सलाइन रास मासा टँकमध्ये असतील तर पैसे पाण्यात, कारण ते तिलाच खातात. एप्टेशिया संपले की ती उपाशी मरते, म्हणून शेवटचे दिसेनासे होत आले की तिला दुसऱ्या टँकवाल्याकडे द्या. कॉपरबँड बटरफ्लाय मासा हवाच असेल तर किमान 400 लिटरचा मुरलेला टँक हवा. तो तयार खाद्य सहजी घेत नाही. मासळी बाजारातल्या ताज्या तिसऱ्या उघडून शिंपल्यासकट दिल्या तर अनेकदा सुरुवात होते. तीन फुटी टँकसाठी हा मासा विकत घेणं म्हणजे त्याच्यावर अन्यायच.

हे सगळं करूनही एप्टेशिया परत आला तर खाण्याचं प्रमाण तपासा. दोन मिनिटांत संपेल त्याहून जास्त मायसिस किंवा आर्टेमिया पडत असेल तर उरलेला भाग त्यालाच मिळतो. आणि संप बघा. ओव्हरफ्लो बॉक्सच्या कोपऱ्यात, रिटर्न पाइपच्या आत, स्किमरच्या (फेसाबरोबर घाण काढणाऱ्या यंत्राच्या) बुडाखाली तो उजेडाशिवायही तग धरतो, फक्त शैवाल गेल्यामुळे पांढुरका दिसतो. पाइप आणि पंप सुटे करून पांढऱ्या व्हिनेगरमध्ये रात्रभर बुडवा, सकाळी ब्रशने घासून आरओ पाण्याने धुवा आणि मगच जोडा. संपच्या काचेवरचे एप्टेशिया आधी चुन्याने मारा, नंतर पात्याने खरवडा. क्रम उलटा केला तर त्यांचे तुकडे रिटर्न पंपातून थेट वरच्या टँकमध्ये पोचतात.