सेट-टॉप बॉक्समधील हार्ड डिस्क काय काय करते?

उपग्रहावरून होणारे दूरचित्रवाणीचे प्रक्षेपण एकेरी असते. विषुववृत्तावर सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवरच्या भूस्थिर उपग्रहाकडून छपरावरच्या डिशपर्यंत संदेश येतो, पण डिशकडून उपग्रहाकडे काहीही परत जात नाही. लक्षावधी घरांत एकाच वेळी तेच प्रक्षेपण उतरते आणि त्यांपैकी एखाद्या घराने ‘मला आत्ता अमुक चित्रपट हवा’ असे उपग्रहाला कळवण्याची सोयच या रचनेत नाही. असे असूनही अनेक सेट-टॉप बॉक्स बटण दाबताच निवडलेला चित्रपट सुरू करतात, चालू सामना थांबवून ठेवतात आणि आपण घरी नसताना मालिकेचा भाग रेकॉर्ड करतात. या तिन्ही सोयींचे मूळ एकच आहे, ते म्हणजे बॉक्समधली साठवणीची जागा.

रेकॉर्डिंगपासून सुरुवात करू. उपग्रहावरून येणारे चित्र आणि ध्वनी आधीच अंकीय स्वरूपात संकुचित केलेले असतात आणि प्रत्येकी १८८ बाइटच्या छोट्या पाकिटांतून येतात. प्रत्येक पाकिटावर एक ओळख क्रमांक असतो. एका ट्रान्सपाँडरवरून (उपग्रहावरचा, एका ठरावीक वारंवारतेवर प्रक्षेपण करणारा संच) अनेक वाहिन्यांची पाकिटे एकत्र मिसळून येत असल्यामुळे हव्या त्या वाहिनीची पाकिटे या क्रमांकावरून वेचावी लागतात. रेकॉर्डिंग म्हणजे ही वेचलेली पाकिटे हार्ड डिस्कवर जशीच्या तशी लिहून ठेवणे. चित्र पुन्हा संकुचित करावे लागत नाही, म्हणून रेकॉर्डिंग आणि थेट प्रक्षेपण यांच्या दर्जात फरक नसतो. १९९९मध्ये आलेल्या टिवो आणि रिप्ले-टीव्ही या डिस्कवर रेकॉर्डिंग करणाऱ्या पहिल्या घरगुती यंत्रांना बाहेरून आलेले चित्र स्वतः अंकीय करावे लागे आणि त्यात दर्जा थोडा घसरत असे. उपग्रहाचा प्रवाह थेट डिस्कवर लिहिणारे रिसीव्हर त्यानंतर लवकरच आले. सेकंदाला ८० लाख बिट, म्हणजे ८ मेगाबिट, वेगाने येणारी एचडी वाहिनी तासाला सुमारे ३.६ गिगाबाइट जागा घेते. त्या हिशेबाने १ टेराबाइटच्या डिस्कवर सुमारे पावणेतीनशे तासांचे कार्यक्रम मावतात. मात्र मुसळधार पावसाने सिग्नल तुटला, तर त्या वेळी हरवलेली पाकिटेही रेकॉर्डिंगमधून कायमची हरवतात.

थेट कार्यक्रम ‘थांबवणे’ हेदेखील रेकॉर्डिंगच आहे. बटण दाबल्यावर ट्यूनर, म्हणजे हवी ती वारंवारता पकडणारा बॉक्समधला भाग, थांबत नाही, पाकिटे डिस्कवर लिहिली जातच राहतात. थांबते ते फक्त डिस्कवरून वाचणे. डिस्कचा वेग एका वाहिनीच्या गरजेच्या कित्येक पट असल्याने ती लिहिणे आणि वाचणे आलटून पालटून सहज करू शकते. वेगाने पुढे नेताना चित्र टप्प्याटप्प्याने उडी मारताना दिसते, त्याचे कारण संकोचनाच्या पद्धतीत आहे. चलच्चित्राच्या बहुतेक चौकटींमध्ये (फ्रेममध्ये) शेजारच्या चौकटींपेक्षा काय बदलले एवढीच माहिती असते, आणि संपूर्ण चित्र असलेली चौकट ठरावीक अंतरानेच येते. बॉक्स त्या पूर्ण चौकटींच्या जागा टिपून ठेवतो आणि पुढे जाताना फक्त तेवढ्याच दाखवतो.

एक वाहिनी पाहताना दुसरी रेकॉर्ड करायची असेल, तर सहसा दोन ट्यूनर लागतात, आणि इथे केबलचा प्रश्न येतो. उपग्रहाचे संदेश १०.७ ते १२.७५ गिगाहर्ट्‌झ या पट्ट्यात, उभ्या आणि आडव्या अशा दोन ध्रुवीकरणांत (लहरींच्या कंपनाच्या दिशांत) येतात. डिशसमोर बसवलेला एलएनबी हा छोटा संच त्यांची वारंवारता ९५० ते २१५० मेगाहर्ट्‌झपर्यंत खाली आणतो, पण सगळा पट्टा एका केबलमध्ये मावत नाही. म्हणून नेहमीच्या युनिव्हर्सल एलएनबीकडून पट्ट्याचे खालचा-वरचा असे दोन भाग आणि दोन ध्रुवीकरणे मिळून होणाऱ्या चारांपैकी एका वेळी एकच भाग खाली येतो. कोणता भाग हवा, हे बॉक्स केबलवरूनच १३ किंवा १८ व्होल्टचा दाब आणि २२ किलोहर्ट्‌झचा सूर पाठवून सांगतो. दुसऱ्या ट्यूनरला वेगळा भाग हवा असेल, तर वेगळी केबल लागते. नव्या रचनांमध्ये एकाच केबलवर प्रत्येक ट्यूनरला स्वतःचा पट्टा मिळतो. दोन्ही वाहिन्या एकाच ट्रान्सपाँडरवर असतील, तर मात्र एका ट्यूनरनेही काम भागू शकते.

आता मागणीनुसार मिळणाऱ्या चित्रपटाकडे येऊ. सुरुवातीला यावर उपाय होता तो एकच चित्रपट अनेक वाहिन्यांवर पंधरा-पंधरा किंवा तीस-तीस मिनिटांच्या अंतराने सुरू करण्याचा. त्यात उपग्रहाची महागडी क्षमता फार खर्ची पडे. दुसरी पद्धत मला अधिक कल्पक वाटते. बहुतेक लोक झोपलेले असताना प्रक्षेपक निवडक चित्रपट पाठवतात आणि बॉक्स ते डिस्कच्या राखीव भागात न विचारता साठवतो. कोणी पाहत नसल्याने घाई नसते. दोन तासांचा ७.२ गिगाबाइटचा चित्रपट सेकंदाला २ मेगाबिट वेगाने आठ तासांत उतरतो. एखादे पाकीट हरवले, तर ते पुन्हा मागवता येत नाही, म्हणून दुरुस्तीसाठी जादा माहिती सोबत पाठवतात किंवा तोच चित्रपट पुन्हा प्रक्षेपित करतात. प्रेक्षकाने ‘निवडलेला’ चित्रपट अशा प्रकारे आधीच घरी आलेला असतो. साहजिकच निवड मर्यादित राहते आणि राखीव भागामुळे आपल्या रेकॉर्डिंगसाठी उरणारी जागाही डिस्कच्या एकूण क्षमतेपेक्षा कमी असते. बॉक्सला इंटरनेट जोडले, तर मागणी जायला आणि चित्रपट यायलाही स्वतंत्र वाट मिळते; मग निवड वाढते, पण गुणवत्ता त्या जोडणीच्या वेगावर अवलंबून राहते.

सशुल्क वाहिन्यांची पाकिटे कुलूपबंद येतात आणि त्यांची किल्ली काही सेकंदांनी बदलत राहते. रेकॉर्डिंगही सहसा त्या एका बॉक्सच्या किल्लीने बंद केले जाते, त्यामुळे डिस्क काढून संगणकाला जोडली तरी काही दिसत नाही. बॉक्स बिघडला की डिस्क शाबूत असूनही वर्षानुवर्षांचा संग्रह जातो. चोरी रोखण्याचा हेतू रास्त आहे, पण ही मर्यादा ग्राहकाला बॉक्स घेतानाच स्पष्ट सांगितली गेली पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

शेवटी वेळेविषयी. बॉक्स रेकॉर्डिंग कधी सुरू करायचे हे प्रक्षेपणासोबत येणाऱ्या कार्यक्रमपत्रिकेवरून ठरवतो. ‘आत्ता चालू’ आणि ‘यानंतर’ ही नोंद प्रक्षेपकाने प्रत्यक्ष कार्यक्रमानुसार बदलली आणि बॉक्सने ती पाळली, तरच लांबलेला कार्यक्रम पूर्ण मिळतो. अन्यथा बॉक्स छापील वेळेलाच थांबतो. म्हणून सामन्यासारख्या लांबू शकणाऱ्या कार्यक्रमांना सेटिंगमधून शेवटी अर्धा-एक तास जादा जोडून ठेवावा.