ओशनिक क्लिअरन्स: घड्याळ उलटं मोजा

युरोपातून अमेरिकेकडे जाणारे अटलांटिकवरचे ट्रॅक, म्हणजे विमानांसाठी आखलेले मार्ग, ३० अंश पश्चिम रेखांशावर ११३० ते १९०० यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) या वेळेत चालू असतात. आपल्याकडे तेव्हा संध्याकाळचे पाच ते रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. दर्यापूर किंवा घाटंजीला दिवसभराचं काम आटोपून व्हॅटसिमवर, म्हणजे सिम्युलेटरचे पायलट आणि हौशी कंट्रोलर यांना जोडणाऱ्या ऑनलाइन नेटवर्कवर, बसणाऱ्याला याहून सोयीची वेळ नाही. गाडी अडते ती ओशनिक क्लिअरन्सपाशी, म्हणजे महासागरावरच्या हद्दीत शिरण्याच्या परवानगीपाशी. बरेच जण खाली समुद्र दिसायला लागल्यावर ती मागतात, आणि तोवर उशीर झालेला असतो.

ही परवानगी लागते कशाला? जमिनीवरचं रडार आणि व्हीएचएफ रेडिओ सरळ रेषेत चालतात. पृथ्वीच्या गोलाईमुळे ३५,००० फुटांवरच्या विमानापर्यंत ते जेमतेम २३० सागरी मैल पोचतात. २०१९ पासून खऱ्या विमानांवर उपग्रहांतून नजर ठेवता येते, पण वेळ आणि वेग यांचा हिशेब सुटलेला नाही. समजा, एकाच ट्रॅकवर, एकाच उंचीवर दोन विमानं दहा मिनिटांच्या अंतराने निघाली. पुढचं मॅक ०.८२ ने (ध्वनीच्या वेगाच्या ०.८२ पट), मागचं ०.८४ ने. हा फरक त्या उंचीवर ताशी साधारण साडेअकरा सागरी मैलांचा होतो. तीन तासांत मागचं विमान ३४ मैल जवळ येतं, म्हणजे दहातली चार मिनिटं गेली. म्हणूनच मॅक नेमून दिला जातो, आणि तो प्रवेशबिंदूच्या, म्हणजे जिथे महासागरी हद्द सुरू होते त्या बिंदूच्या, आधीच धरायचा असतो.

विनंतीची वेळ प्रवेशबिंदूपासून मागे मोजायची. उड्डाण किती वाजता झालं, याचा इथे संबंध नाही. महासागरी हद्द सांभाळणाऱ्या केंद्रांपैकी शॅनविकसाठी (पूर्व अटलांटिक) प्रवेशाच्या ९० ते ३० मिनिटं आधी, गँडरसाठी (कॅनडाकडची बाजू) ९० ते ६०, रेक्याविकसाठी (आइसलँड) ४५ ते १५. समजा मॅलॉट हा बिंदू १४४० यूटीसीला, म्हणजे आपल्या रात्री ८.१० ला गाठणार आहात. शॅनविकला विनंती ६.४० ते ७.४० च्या दरम्यान गेली पाहिजे. त्यातही सव्वासातच्या आसपास मागावी. फार लवकर मागितली तर ईटीए (पोचण्याची अंदाजे वेळ) पक्का झालेला नसतो. उशिरा मागितली तर हवी ती उंची दुसऱ्याला गेलेली असते. जिनिंगच्या फाटकावर उशिरा आलेल्या गाडीसारखी गत होते, मिळेल तिथे उभं राहायचं.

मॅलॉट १५ अंश पश्चिमेला आहे. नागपूरच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश ५६ सागरी मैलांचा, तर तिकडे जेमतेम ३६ चा. त्यामुळे नकाशा पाहून अंदाज चुकतो. लंडनच्या हीथ्रोहून तिथे पोचायला साधारण सव्वा तास लागतो, म्हणून क्रूझची उंची गाठली की लगेच मागावी. आयर्लंडच्या शॅननहून अंतर सव्वादोनशे मैलांचं, अर्ध्या तासाचं. तिथे विनंती स्टँडवर उभं असतानाच करायला हवी.

विनंतीत कॉलसाइन (रेडिओवरचं विमानाचं नाव), प्रवेशबिंदू आणि त्याची यूटीसी वेळ, ट्रॅकचं अक्षर आणि त्या दिवसाचा टीएमआय क्रमांक (ट्रॅकच्या संदेशाचा ओळख क्रमांक), हवी ती फ्लाइट लेव्हल (शेकडा फुटांत मोजलेली उंची), मॅक, आणि विमान जास्तीत जास्त किती उंची घेऊ शकतं ते द्यायचं. व्हॅटसिमवर हे नॅटट्रॅक या संकेतस्थळावरून पाठवता येतं. २०२४ मध्ये खऱ्या विमानसेवेत शॅनविक आणि गँडरने स्वतंत्र क्लिअरन्स देणं थांबवलं, पण आरसीएल नावाचा विनंतीचा संदेश ठरल्या वेळेत पाठवावाच लागतो. नेटवर्कवर त्या दिवशी कोणती पद्धत चालू आहे, हे ब्रीफिंगमध्ये आधी वाचून घ्या. ओशनिक कंट्रोलर ऑनलाइन नसेल तर क्लिअरन्स लागत नाही. युनिकॉमवर (कंट्रोलर नसताना वापरायच्या सामाईक फ्रिक्वेन्सीवर) राहून दाखल केलेल्या प्लॅननेच जायचं.

सगळ्यात महागात पडणारी चूक अशी: क्लिअरन्समध्ये ३६० लेव्हल मिळाली म्हणून पायलट ३४० वरून स्वतःच चढायला लागतो. ती लेव्हल प्रवेशबिंदूपासून पुढची असते. तिथवर चढायचं की नाही, हे सध्याचा डोमेस्टिक (जमिनीवरच्या हद्दीचा) कंट्रोलर सांगतो, आणि ती मागणीही त्याच्याकडेच करायची.

दुसरी चूक एफएमसीत (विमानाचा मार्ग भरायच्या संगणकात) अक्षराची जागा चुकण्याची. ‘५३२०एन’ म्हणजे ५३ उत्तर, २० पश्चिम. ‘एन५३२०’ म्हणजे ५३ अंश ३० मिनिटं उत्तर, २० पश्चिम. एक अक्षर पुढे-मागे झालं की विमान ३० सागरी मैल बाजूला जातं. म्हणून प्रत्येक बिंदूचे अक्षांश-रेखांश उघडून पाहावेत. एफएमसीत वारे भरलेले नसतील तर ईटीए चुकतो, तेही इथेच तपासून घ्या.

प्रवेशानंतर थोड्या वेळाने स्क्वॉक (रडारवर विमान ओळखण्याचा कोड) २००० लावायचा. रेक्याविकच्या हद्दीत मात्र मिळालेला कोडच ठेवायचा. विमान अर्ध्या तासाहून जास्त वेळ एकटं सोडता येत नाही, तेव्हा जेवणाचा बेत त्या हिशेबाने आखा. आणि आपल्याकडे लाईन केव्हाही जाते, म्हणून संगणकाबरोबर राउटरही यूपीएसवर घ्या. नुसतं नेट गेलं तर सिम्युलेटर उडतच राहतो. नेट परतलं की त्याच कॉलसाइनने जोडून घ्या आणि कंट्रोलरला लगेच पोझिशन रिपोर्ट द्या: मागचा बिंदू आणि त्याची वेळ, लेव्हल, मॅक, पुढचा बिंदू आणि त्याची अंदाजे वेळ, त्याच्या पुढचा बिंदू.